सूचीबाहेर जाणारी रुग्णालये आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे आरोग्य-संरक्षण

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याच्या हाती केंद्र सरकार आरोग्य योजनेचे, म्हणजेच सीजीएचएसचे ओळखपत्र असते. या पत्राचे मोल किती, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी वर्गणीचा आकडा सांगतील. वस्तुतः ते मोल त्याच्या शहरातील किती आणि कोणती रुग्णालये ते पत्र स्वीकारतात, यावर ठरते. एखादे मोठे रुग्णालय योजनेच्या सूचीतून बाहेर पडले तरी पत्र तेच राहते, भरलेली वर्गणी तीच राहते आणि नियमांतील हक्कही तोच राहतो. नाहीशी होते ती तो हक्क बजावण्याची जागा. प्रस्तुत लेखात या घटनेमागील आर्थिक कारणे, न्यायालयांची भूमिका आणि कर्मचाऱ्याच्या संरक्षणाचे उपलब्ध मार्ग यांचा विचार केला आहे. आरोग्य, शासनव्यवहार आणि सार्वजनिक वित्त हे अभ्यासक्रमातील तीन घटक या एकाच प्रश्नात एकत्र येत असल्यामुळे परीक्षार्थींच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे.

व्यवस्थेची रचना

सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची जबाबदारी सरकारने घेण्याची प्रथा स्वातंत्र्यापूर्वीची आहे. केंद्रीय सेवा (वैद्यकीय परिचर्या) नियम 1944 साली अस्तित्वात आले. त्यानुसार कर्मचारी आधी खर्च करतो आणि नंतर सरकार त्याची प्रतिपूर्ती करते. 1954 मध्ये दिल्लीत सीजीएचएस सुरू झाली. आज ती सुमारे 80 शहरांत असून तिच्या लाभार्थ्यांची संख्या 40 लाखांहून अधिक आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर ही तिची जुनी केंद्रे होत. सातव्या वेतन आयोगानंतर कर्मचाऱ्यांची मासिक वर्गणी वेतनस्तरानुसार 250, 450, 650 व 1,000 रुपये अशी ठरवण्यात आली. निवृत्तांना दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन पत्र घेता येते. म्हणजे सर्वांत खालच्या स्तरावरील निवृत्त कर्मचारी 30,000 रुपये आणि सर्वांत वरच्या स्तरावरील 1,20,000 रुपये आगाऊ देतो. या आगाऊ रकमेचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

माजी सैनिकांसाठी 2003 मध्ये सुरू झालेली ईसीएचएस ही योजना खासगी रुग्णालयांची देयके प्रामुख्याने सीजीएचएसच्याच दरांनी भागवते. अनेक राज्य सरकारे व सार्वजनिक संस्थाही आपले दर याच दरांशी जोडतात. त्यामुळे सीजीएचएसचा दर प्रत्यक्षात देशातील सरकारी वैद्यकीय खरेदीचा मानदंड बनला आहे. तो चुकला तर चूक एका योजनेपुरती राहत नाही.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण परीक्षेत याच ठिकाणी गोंधळ होतो. सीजीएचएस हा तांत्रिक अर्थाने विमा नाही. तिच्यात विमा कंपनी नाही, जोखमीनुसार ठरणारा हप्ता नाही आणि विम्याच्या रकमेची वार्षिक मर्यादाही नाही. म्हणून विमा नियामक व विकास प्राधिकरणाने मे 2024 मध्ये विमा कंपन्यांवर घातलेली बंधने, उदाहरणार्थ कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत, या योजनेला लागू होत नाहीत. याउलट केरळ सरकारने 1 जुलै 2022 पासून राबवलेली मेडिसेप ही योजना विमा कंपनीशी करार करून उभी राहिली. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1961 च्या वैद्यकीय परिचर्या नियमांचा, म्हणजे मुख्यतः प्रतिपूर्तीचा आधार आहे. प्रतिपूर्ती, स्वतःची योजना आणि विमा करार अशी ही तीन प्रारूपे आहेत. यांतील कोणतेही प्रारूप रुग्णालयाला सूचीत राहण्याची सक्ती करू शकत नाही. सूचीतील समावेश हा करार आहे आणि करारातून बाहेर पडण्याची मोकळीक दोन्ही पक्षांना असते.

रुग्णालये बाहेर का पडतात?

पहिले कारण दरांचे आहे. सीजीएचएसचे पॅकेज दर 2014 मध्ये ठरले. एप्रिल 2023 मध्ये तज्ज्ञांचे सल्लाशुल्क, खोलीभाडे आणि अतिदक्षता विभागाचे दर वाढवण्यात आले. परंतु शस्त्रक्रियांच्या दरांची व्यापक फेररचना होण्यास ऑक्टोबर 2025 उजाडावा लागला. रुग्णालयाचा खर्च दरवर्षी केवळ 5 टक्क्यांनी वाढतो, असे समजू. 2014 मध्ये ज्या उपचाराचा खर्च 100 रुपये होता, तो अकरा वर्षांनी सुमारे 171 रुपये होतो. दर न बदलल्यास मूळ 100 रुपयांची खरी किंमत 58 रुपयांच्या आसपास उरते. सरकारने दर कमी केल्याचा कोणताही आदेश काढलेला नसतो. चलनवाढ ते काम आदेशावाचून करते.

दुसरे कारण देयकांच्या विलंबाचे आहे आणि माझ्या मते ते पहिल्याहून अधिक गंभीर आहे. समजा, एका शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला 1,00,000 रुपये मिळायचे आहेत आणि ते दहा महिन्यांनी मिळाले. रुग्णालय खेळत्या भांडवलासाठी वार्षिक 12 टक्के दराने कर्ज घेत असेल, तर या विलंबाचा खर्च 10,000 रुपये झाला. कागदावर दर एक लाखाचा, प्रत्यक्षात तो सुमारे नव्वद हजारांचा. ज्या रुग्णालयाचा निव्वळ नफा 8 टक्के असेल, त्याच्यासाठी हा रुग्ण तोट्याचा ठरला. छाननीत होणाऱ्या कपातीची अनिश्चितता यात धरलेलीच नाही. विलंब ही अशा रीतीने छुपी दरकपात असते.

हा विलंब का साचतो, याचे एक उत्तर सरकारी हिशेबपद्धतीत आहे. आपले सरकारी हिशेब रोख तत्त्वावर ठेवले जातात. पैसा तिजोरीतून बाहेर पडतो, तेव्हाच खर्चाची नोंद होते. मार्चमध्ये तरतूद संपली आणि देयके एप्रिलनंतरच्या वर्षात ढकलली गेली, तर त्या वर्षाची राजकोषीय तूट तेवढ्याने कमी दिसते. अर्थशास्त्राच्या भाषेत सरकारने रुग्णालयांकडून बिनव्याजी कर्ज घेतले, पण ते कर्ज म्हणून कोठेही दिसले नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची मुदत आणि त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज असे संरक्षण दिले आहे. मोठ्या रुग्णालयांना ते नाही. त्यांच्या हाती उरते ते एकच साधन, बाहेर पडण्याचे.

तिसरी बाब निवडीची आहे. सूचीतून सर्वांत आधी कोण बाहेर पडते? ज्याच्याकडे अन्य रुग्णांची रांग आहे ते. रोख पैसे देणारे किंवा खासगी विमा असणारे रुग्ण ज्या रुग्णालयाला सहज मिळतात, त्याच्या दृष्टीने सरकारी रुग्णाला दिलेल्या खाटेचा संधिव्यय मोठा असतो. ज्याच्या खाटा रिकाम्या असतात, ते कमी दरातही टिकून राहते. म्हणून सूचीतील रुग्णालयांची संख्या फारशी कमी झाली नाही तरी तिचा दर्जा घसरू शकतो. शंभरांपैकी पाच रुग्णालये गेली, हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटते. त्या पाचांतच शहरातील यकृत प्रत्यारोपणाची सोय असेल, तर त्या रुग्णापुरती सूची शून्यावर आली.

बाहेर पडण्याचा एक मूक प्रकारही आहे. रुग्णालय सूचीत राहते, नामफलकावर योजनेचे नाव झळकते. मात्र निवृत्त रुग्ण दाराशी आला की खाट शिल्लक नसते किंवा तो विभाग करारात नसल्याचे सांगण्यात येते. अशा नकाराची नोंद कोठेही होत नाही. सूचीतील रुग्णालयांची संख्या हा योजनेच्या यशाचा निकष मानणाऱ्या अहवालांत म्हणूनच ही उणीव दिसत नाही.

भार कोणावर पडतो?

पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निवृत्त कर्मचाऱ्याचे मासिक निवृत्तिवेतन 30,000 रुपये आहे. ज्या रुग्णालयात त्याच्यावर सहा वर्षे हृदयविकाराचे उपचार चालू होते, ते सूचीबाहेर गेले. महिनाभराने त्याला तातडीने तेथेच दाखल करावे लागले. देयक 4,00,000 रुपयांचे झाले. योजनेच्या दराने ते 1,80,000 रुपये होते. आणीबाणीच्या प्रसंगी सूचीबाहेरच्या रुग्णालयातील खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, मात्र ती योजनेच्या दरांपुरती. उरलेले 2,20,000 रुपये त्याचे स्वतःचे, म्हणजे सात महिन्यांहून अधिक निवृत्तिवेतन. शिवाय पूर्ण चार लाख आधी त्यालाच उभे करावे लागतात. सूचीतील रुग्णालयात निवृत्तांना कॅशलेस सोय असते. सूची संपली की ती सोयही संपते आणि माणूस 1944 च्या प्रतिपूर्तीच्या काळात परत जातो.

या उदाहरणात दराचा वाद सरकार आणि रुग्णालय यांच्यात होता. त्याची किंमत मात्र त्या वादात पक्षकार नसलेल्या तिसऱ्याने मोजली. त्याने वर्गणी दहा वर्षांची आगाऊ भरलेली आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. विमा बाजारातील ग्राहक नूतनीकरणाच्या वेळी दुसरी कंपनी निवडू शकतो. सरकारी निवृत्ताला तसा पर्याय नाही आणि सत्तरीनंतर नवी खासगी पॉलिसी परवडण्याजोग्या हप्त्यात मिळणेही अवघड असते.

लहान शहरांत हा भार अधिक जड होतो. मुंबईत एक रुग्णालय गेले तर दुसरे सापडते. जेथे हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेले सूचीबद्ध रुग्णालय एकच आहे, तेथे त्याचे जाणे म्हणजे रुग्णाचा दुसऱ्या शहरापर्यंतचा प्रवास. योजनेचे आरोग्य केंद्र ज्या भागात नाही तेथील निवृत्तांना बाह्यरुग्ण खर्चासाठी दरमहा 1,000 रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता घेण्याची सोय करण्यात आली. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी तो अर्थातच उपयोगी पडत नाही.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर दिलेले निर्णय एकाच दिशेचे नाहीत, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. सुरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1996) या प्रकरणात राज्य सरकारचा एक अधिकारी इंग्लंडमध्ये असताना हृदयविकाराने आजारी पडला आणि लंडनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. न्यायालयाने लंडनचा पूर्ण खर्च दिला नाही. तथापि दिल्लीतील एका मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयाच्या दराने रक्कम देण्यास सांगितले. प्राणरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 शी जोडला गेला.

दोनच वर्षांनी, पंजाब राज्य विरुद्ध राम लुभाया बग्गा (1998) या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळा सूर लावला. कोणत्याही राज्याची साधनसामग्री अमर्याद नसते. म्हणून प्रतिपूर्तीचे दर व मर्यादा ठरवणारे धोरण घटनाबाह्य नाही, असा त्याचा आशय होता.

शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात एप्रिल 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने निवृत्तांच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिला. रुग्णालयाचे नाव सरकारी सूचीत नाही, एवढ्याच कारणावरून वैद्यकीय दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाला काय आणि तो आवश्यक होता काय, हे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निवृत्तांचे दावे एका महिन्यात निकाली काढण्याची व्यवस्थाही सुचवली. विद्यार्थ्यांनी 1998 आणि 2018 हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. पहिला राज्याच्या मर्यादेचा आहे, दुसरा व्यक्तीच्या निकडीचा. दुसऱ्याने पहिला रद्द केलेला नाही. मोठ्या पीठाचा निर्णय छोटे पीठ रद्द करू शकतही नाही. त्यामुळे दर ठरवण्याचा सरकारचा अधिकार कायम आहे, आणि केवळ सूचीचे कारण पुढे करून हात झटकण्यास मात्र मज्जाव आहे. अडचण एवढीच की, न्यायालयाचा दिलासा उपचारानंतर, कित्येकदा वर्षानुवर्षांनी मिळतो. दाखल होताना भरावयाची अनामत त्यातून भरता येत नाही.

राज्यांचा अनुभव

हा प्रश्न केवळ केंद्राचा नाही. केरळच्या मेडिसेप योजनेत कर्मचारी व निवृत्तांकडून दरमहा 500 रुपये घेऊन प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 3 लाख रुपयांचे संरक्षण देण्याची रचना होती. विमा होता, हप्ताही नियमित कापला जात होता. परंतु राज्यातील काही मोठी खासगी रुग्णालये दरांच्या कारणावरून प्रारंभीच बाहेर राहिली. सूचीबाहेरच्या रुग्णालयातील प्रतिपूर्ती हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व वाहन अपघात अशा मोजक्या आणीबाणीच्या प्रसंगांपुरती ठेवण्यात आली होती. सरकारऐवजी विमा कंपनी आणली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

राजस्थानात सीजीएचएसच्या धर्तीवर उभ्या केलेल्या कर्मचारी आरोग्य योजनेतील कॅशलेस सेवा थकबाकीच्या कारणावरून थांबवण्याचे पाऊल ऑगस्ट 2025 मध्ये खासगी रुग्णालयांच्या संघटनेने उचलले. त्यानंतरच्याच महिन्यात तेलंगणातील सूचीबद्ध रुग्णालयांनी सेवा काही दिवस थांबवल्या. तेथे गरिबांची आरोग्यश्री आणि कर्मचाऱ्यांची योजना या दोन्हींवर परिणाम झाला. दोन्ही ठिकाणी वादाचा मुख्य विषय अडकलेल्या देयकांचा होता.

सर्वसाधारण विम्यातही असा प्रसंग येऊन गेला आहे. जुलै 2010 मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बंगळूर येथे ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांपुरती कॅशलेस सोय मर्यादित केली आणि अनेक नामांकित रुग्णालयांचे दार विमाधारकांना एकाएकी बंद झाले. त्या वेळी रुग्णालयाला बाहेर ठेवणारी विमा कंपनी होती, येथे रुग्णालय स्वतःहून जाते. रुग्णाच्या दृष्टीने परिणाम एकच.

संरक्षणाचे मार्ग

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे रुग्णालय सूचीबाहेर गेल्यास सरकारने तेथील पूर्ण देयक भरावे. हा उपाय रुग्णाला वाचवतो, पण सूचीला बुडवतो. सूचीत राहिल्यास 1,80,000 आणि बाहेर पडल्यास त्याच रुग्णाचे 4,00,000 रुपये मिळणार असतील, तर एकही समंजस रुग्णालय आत राहणार नाही. 1998 च्या निर्णयामागील आर्थिक तर्क हाच होता. उलट टोकाला जाऊन सूचीबाहेर काहीच द्यायचे नाही, असे ठरवले तर सरकारवर दर सुधारण्याचे कोणतेही दडपण राहत नाही; कारण रुग्णालय गेल्याने सरकारचा खर्च वाढण्याऐवजी कमीच होतो. आजच्या रचनेतील खरी गोम ही आहे. रुग्णालय गमावल्याची झळ ज्याने ते गमावले त्याला बसत नाही.

म्हणून मधला मार्ग काळजीपूर्वक आखावा लागतो. ज्या उपचाराची सोय लाभार्थ्याच्या वाजवी अंतरात कोणत्याही सूचीबद्ध रुग्णालयात उरलेली नाही, त्या उपचारापुरता वाढीव संदर्भ दर सरकारने द्यावा, आणि तो त्या भागातील प्रत्यक्ष दरांच्या मध्यकावर आधारलेला असावा. जेथे पर्याय आहे, तेथे योजनेचाच दर लागू राहील. यामुळे शहरातील रुग्णालयाला बाहेर पडण्याचे बक्षीस मिळत नाही, आणि एकमेव रुग्णालय गमावण्याची किंमत सरकारच्या हिशेबात येते. अंतर कसे मोजायचे, यावर वाद होतील. ते अटळ आहेत.

उपचारात खंड न पडणे ही दुसरी गरज. अमेरिकेत 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने, रुग्णालय विमा जाळ्यातून बाहेर पडले तरी गंभीर आजाराचे रुग्ण, गर्भवती, आधीच दाखल असलेले आणि शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण यांना 90 दिवसांपर्यंत जुन्याच अटींवर उपचार चालू ठेवण्याचा हक्क दिला आहे. तेथील आरोग्यव्यवस्था अनुकरणीय आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण हे एक कलम उचलण्यासारखे आहे. केमोथेरपीच्या चौथ्या फेरीत असलेल्या रुग्णाला पाचव्या फेरीसाठी नवे रुग्णालय शोधायला सांगणे हा दरांच्या वाटाघाटीचा भाग असू शकत नाही. करारातच अशी अट घातली आणि सूचना काळात प्रत्येक संबंधित लाभार्थ्याला लेखी कळवणे बंधनकारक केले, तर त्याचा खर्च फारसा नाही.

देयकांच्या मुदतीबाबत एवढेच सांगता येईल की, मुदत केवळ परिपत्रकात असून चालत नाही. ती ओलांडल्यास व्याज आपोआप लागू झाले पाहिजे आणि वर्षअखेरची थकबाकी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत योजनानिहाय दिसली पाहिजे. रोख हिशेबात न दिसणारे कर्ज एकदा दिसू लागले की ते फेडण्याची निकडही निर्माण होते.

दरांच्या बाबतीत 13 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालेली सुधारणा अभ्यासण्याजोगी आहे. सुमारे 2,000 उपचारप्रक्रियांचे दर बदलण्यात आले. महानगरातील, एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयातील अर्धखासगी कक्षाचा दर पायाभूत मानून इतर दर त्यावरून काढले जातात. मानांकन नसलेल्या रुग्णालयाला 15 टक्के कमी आणि अतिविशेषोपचार रुग्णालयाला 15 टक्के अधिक दर मिळतो. दुसऱ्या श्रेणीच्या शहरांत तो 10 टक्क्यांनी, तर तिसऱ्या श्रेणीच्या शहरांत 20 टक्क्यांनी कमी असतो. सर्वसाधारण कक्षासाठी 5 टक्के कमी आणि खासगी कक्षासाठी 5 टक्के अधिक. पायाभूत दर 1,00,000 रुपये असल्यास मानांकन नसलेल्या महानगरी रुग्णालयाला 85,000 आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरातील मानांकित रुग्णालयाला 80,000 रुपये मिळतील. जुने करार त्याच दिवसापासून संपुष्टात आणून रुग्णालयांना नव्या अटी स्वीकारण्यास सांगण्यात आले. न स्वीकारणारी सूचीबाहेर जाणार होती.

दर्जानुसार दर हे तत्त्व योग्य आहे. लहान शहरांसाठीची 20 टक्क्यांची वजावट मात्र मला विचारार्ह वाटते. तेथे जागेचे भाडे कमी असते हे खरे. परंतु हृदयशल्यविशारद तेथे येण्यासाठी कमी नव्हे, बहुधा जास्तच मोबदला मागतो, आणि स्टेंटची वा यंत्रसामग्रीची किंमत शहर पाहून ठरत नाही. ज्या ठिकाणी एक रुग्णालय गेल्याने सूची रिकामी होते, नेमक्या त्याच ठिकाणी दर सर्वांत कमी ठेवले गेले आहेत. याशिवाय, पुढील फेररचना केव्हा होईल याचे वेळापत्रक दरपत्रकाला जोडले गेले नाही, तर आजचे दर काही वर्षांनी पुन्हा 58 रुपयांच्याच वाटेने जातील. महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकानुसार आपोआप बदलतो. त्यासाठी कर्मचाऱ्याला कोणापुढे वाटाघाटीला बसावे लागत नाही. वैद्यकीय दरांनाही वार्षिक निर्देशांक लावणे प्रशासकीयदृष्ट्या याहून अवघड नाही.